चालताना मांड्या सोलवटणे: चैत्रातले मीठ आणि श्रावणातली ओल

धुळ्याहून चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणाऱ्या एका लहानशा मंडळाची औषधपेटी गेली १४ वर्षे माझ्या खांद्यावर आहे. पावसाळ्यात पाटणादेवी, तोरणमाळ किंवा मनुदेवीच्या परिसरात हिंडायला निघालो की तीच पेटी बरोबर येते. पायांच्या फोडांवरची चिकटपट्टी सर्वांत आधी संपत असेल असा नव्या माणसाचा समज असतो. प्रत्यक्षात मालेगाव ओलांडण्यापूर्वी संपते ती पेट्रोलियम जेलीची डबी. कोणीतरी एकटाच मागे पडलेला असतो, पाय फाकवून डुलत डुलत चालत असतो, आणि विचारले तर "काई नई व्हयनं" एवढेच उत्तर मिळते. तळपायाचा फोड माणूस चारचौघांत दाखवतो, जांघेजवळची जखम मात्र तो लपवतो, आणि त्यामुळे पहिल्याच तासात फुकट सुटणारी अडचण तिसऱ्या दिवशी टेम्पोत बसायला लावते.

मी डॉक्टर नाही. पण एकच बिघाड वर्षानुवर्षे पाहिला की त्याची कारणे कोणत्या क्रमाने तपासावीत हे पाठ होते. तो क्रम येथे लिहिला आहे: बिनखर्चाचे आधी, पैशाचे नंतर, आणि जिथे आपला हात आखडता घ्यावा ती जागा शेवटी.

लक्षणे

सुरुवात उबेने होते. तास-दीड तास चालल्यावर मांडीच्या आतल्या बाजूला एखादी जागा इतर त्वचेपेक्षा गरम वाटू लागते. दुखत काहीच नसते, म्हणून कोणी थांबत नाही. पुढच्या तासाभरात तिथे चुरचुरू लागते आणि पाऊल आपोआप रुंद पडू लागते. मुक्कामी अंघोळीचा पहिला तांब्या अंगावर घेतला की मांड्यांत आग भडकते, आणि पुष्कळांना आपल्याला काही झाले आहे ही बातमी तिथेच कळते. तेव्हा त्वचा लालबुंद, किंचित खरखरीत आणि हाताला तापलेली लागते. तशाच मांड्यांनी दुसऱ्या दिवशी चालत राहिल्यास वरचे पातळ साल निघते, खालची ओलसर गुलाबी त्वचा उघडी पडते, तिच्यातून पाण्यासारखा स्राव येतो आणि पायजमा त्याला चिकटून बसतो. ते चिकटलेले कापड सकाळी कोरडेच ओढून काढले की जखम पुन्हा पहिल्या पायरीवर जाते. पाण्याने भिजवून, हळूहळू सोडवून काढावे.

हे सारे एक-दोन दिवसांत घडते, आणि चालणे थांबवल्यावर दोन ते चार दिवसांत ओसरू लागते. ज्याला हा लालपणा आठवड्यांपासून आहे, ज्याला आगीपेक्षा खाज अधिक आहे, आणि ज्याच्या डागाची कड उंच, गोलाकार असून मधला भाग साफ दिसतो आहे, त्याला बहुधा गजकर्ण झाले आहे. त्याने पुढचे उपाय करत बसण्यापेक्षा थेट शेवटचा भाग वाचावा, कारण बुरशीला वंगण लावून ती जात नाही.

पहिली तपासणी: खूण नेमकी कुठे आहे

याला खर्च शून्य आहे, तरीही ही तपासणी कोणी करत नाही. आडोशाला जाऊन मोबाइलच्या कॅमेऱ्यात दोन्ही मांड्या नीट पाहाव्यात, कारण खुणेची जागाच अर्धे निदान सांगते. दोन्ही मांड्यांवर, जिथे त्या एकमेकींना भिडतात तिथे, समोरासमोर सारखे लाल पट्टे असतील तर त्वचेवर त्वचा घासली आहे. खूण त्याहून वर, जांघेच्या घडीत आणि बारीक रेघेसारखी असेल तर ती अंतर्वस्त्राच्या इलॅस्टिकची आहे. अशा माणसाने मांड्यांना डबीभर जेली फासली तरी त्याला आराम पडणार नाही. खूण उभी आणि सरळ असेल तर ती शिवण आहे. आणि ती एकाच मांडीवर असेल तर मांडीचा दोष सोडून खिशाकडे पाहावे.

शेवटची गोष्ट मी एका सहप्रवाशाकडून शिकलो. त्याची फक्त उजवी मांडी दरवर्षी सोलवटत असे. त्याने पावडर लावून पाहिली, तेल लावून पाहिले, दोन वेळा पायजम्याचे कापड बदलले, आणि अखेर उजव्या पायाचे हाडच वाकडे असावे अशी स्वतःची समजूत घालून घेतली. गडाच्या पायथ्याशी नांदुरीला बसलेलो असताना त्याने पायजम्याच्या खोल खिशातून घराच्या, गोदामाच्या आणि मोटारसायकलच्या मिळून सात किल्ल्यांचा जुडगा काढून बाजूला ठेवला, तेव्हा खिशाच्या अस्तराचा तळ त्या डागावर नेमका टेकतो हे दोघांनाही दिसले. पुढच्या वर्षी किल्ल्या पाठीवरच्या पिशवीत गेल्या आणि उजवी मांडी डावीसारखी झाली.

दुसरी तपासणी: मीठ आहे की ओल

कोकणातला माणूस चालताना भिजतो. खान्देशातला माणूस चैत्रात चालताना खारतो. माझ्या मते आपल्याकडच्या या दुखण्याचे मर्म इथे आहे, आणि दुसरीकडच्या लोकांनी सांगितलेले उपाय आपल्याला अर्धवट लागू पडतात तेही याच कारणाने. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे हवा कोरडी असते आणि तापमान ४० अंशांच्या पुढे जाते. अंगावरचा घाम ओघळण्याआधीच वाळतो. पाणी उडून जाते, मीठ मात्र त्वचेवर आणि कापडात राहते. पुढच्या तासाचा घाम त्यावर वाळतो, मग त्याच्यावर आणखी एक थर बसतो. दुपारपर्यंत मांड्यांच्या मध्ये बारीक खडे पेरल्यासारखे होते आणि प्रत्येक पावलाला ते खडे त्वचेवरून फिरतात.

तपासण्याची रीत सोपी आहे. पायजम्याची आतली बाजू पाहावी. गडद रंगाच्या कापडावर घाम जिथपर्यंत पोहोचला होता तिथे पांढरी, नागमोडी रेघ उमटलेली दिसते. दुसरे म्हणजे कोरडे बोट मांडीच्या आतल्या बाजूवरून हलकेच फिरवावे. करकर लागली तर मीठ आहे. बोट अडखळत, चिकटत सरकले तर ओल आहे. किंचित ओलसर त्वचा कोरड्या त्वचेपेक्षा अधिक घासली जाते, त्यामुळे ओल हेही कारणच आहे, पण तिचा उपाय निराळा.

मीठ असेल तर उपाय अर्धा पेला पाणी. रुमाल भिजवून पिळावा, मांड्यांच्या आतल्या बाजू टिपून घ्याव्यात, रुमाल पुन्हा धुऊन एकदा परत टिपावे, आणि मग दुसऱ्या कोरड्या कापडाने दाबून कोरडे करावे. घासून पुसू नये. ज्या त्वचेला घासण्याने इजा झाली तिला पुसतानाही घासणे म्हणजे तोच अपराध दुसऱ्यांदा. दर दोन तासांनी, म्हणजे साधारणतः चहापाण्याच्या प्रत्येक थांब्यावर, एवढे केले तरी माझ्या पाहण्यातील निम्म्याहून अधिक तक्रारी तिथेच मिटतात. पिण्याचे पाणी यासाठी वापरायला लोकांचे मन धजत नाही, हे मला ठाऊक आहे. पण अर्धा पेलाच लागतो, आणि वाटेवरच्या शेतातल्या विहिरीवर कोणी त्याला नाही म्हणत नाही.

माझ्या स्वतःच्या पहिल्या वर्षी मला हे सांगणारे कोणी नव्हते. चुरचुर सुरू झाल्यावर मी कोणाकडून तरी डोक्याला लावायचे खोबरेल मागून घेतले आणि मिठाने भरलेल्या मांड्यांवर तसेच चोळले. मीठ तेलात विरघळत नाही. ते तिथेच राहिले, वर रस्त्याची धूळ येऊन चिकटली, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या मांड्यांमध्ये खलबत्ता चालू होता. अश्वत्थामा कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो असे म्हणतात, आणि अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीत चढणाऱ्या भाविकांना ही कथा वेगळी सांगावी लागत नाही. मला मात्र त्या दिवसापासून वाटते की त्याला आधी कोणी पाणी द्यायला हवे होते.

श्रावणात चित्र उलटे होते. पाटणादेवीकडून केदारकुंडाच्या बाजूला जाताना ओढे ओलांडावे लागतात, कापड कमरेपर्यंत भिजते, आणि दमट हवेत ते दिवसभर वाळतच नाही. अशा वेळी पुसून भागत नाही. आतले वस्त्र बदलावे लागते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली एक कोरडी जोडी बरोबर असणे हा पावसाळ्यातला खरा उपाय आहे, आणि ती शेवटचा ओढा ओलांडल्यावर घालावी, पहिला ओलांडल्यावर नाही.

तिसरी तपासणी: कापड उलटे करून

निघण्याच्या आदल्या रात्री करायची ही तपासणी आहे. पायजमा, पँट आणि अंतर्वस्त्र उलटे करून दिव्याखाली धरावे. आसनात, म्हणजे दोन पाय जिथे जोडले जातात तिथे, चार शिवणी एका बिंदूवर येतात आणि तिथे कापडाची गाठ तयार होते. बोटाने चाचपडून ती हरभऱ्याएवढी लागली तर ते वस्त्र लग्नाला घालावे, पायी चालायला नाही. शिंप्याला सांगून आसनात चौकोनी जोडतुकडा घालून घेतला की शिवणी एका जागी येत नाहीत आणि पाय उचलताना कापड ताणतही नाही. हे काम त्याच्यासाठी अर्ध्या तासाचे आहे. जीन्सबद्दल मी वेगळे लिहीत नाही. तिची आतली दुहेरी शिवण ज्याने एकदा २० किलोमीटर सोसली आहे त्याला सांगावे लागत नाही.

कापड नवे कोरे असेल तर खळ असते. दोनदा धुतल्याशिवाय ते प्रवासात घालू नये. माझ्या अनुभवात याहून दुर्लक्षित राहणारी बाब धुण्याच्या पावडरीची आहे. बोअरचे पाणी जड असते, साबणाला फेस येत नाही म्हणून घरची माणसे पावडर वाढवतात, आणि एका पाण्यात खळबळून काढलेले कपडे उन्हात पापडासारखे कडक वाळतात. तो कडकपणा म्हणजे जड पाण्यातले क्षार आणि कापडात राहिलेली पावडर. घाम आला की ती पावडर ओली होऊन त्वचेला झोंबते. प्रवासाचे कपडे पावडर निम्मी टाकून धुवावेत, तीन पाण्यांतून काढावेत आणि वाळल्यावर हातांनी चोळून मऊ करावेत.

चौथी तपासणी: वंगण योग्य आहे का, आणि योग्य वेळी लावले का

आता पहिल्यांदा पैसे लागतील, तेही थोडेच. पेट्रोलियम जेली, म्हणजे ज्याला आपण सगळेच व्हॅसलीन म्हणतो ती, अजूनही माझी पहिली पसंती आहे. ती त्वचेत मुरत नाही, पाण्याने सहज धुऊन जात नाही आणि कुठल्याही गावच्या किराणा दुकानात मिळते. एका मांडीला मेहरूणच्या बोराएवढी पुरे. ती स्वच्छ, कोरड्या त्वचेवर, चालायला लागण्यापूर्वी लावायची असते. चुरचुर सुरू झाल्यावर लावणे म्हणजे इंजिन जाम झाल्यावर ऑइल टाकणे. दर दोन-तीन तासांनी, मीठ पुसून झाल्यावर, पुन्हा लावावी. तिचे दोन दोष मान्य केले पाहिजेत. कापडावर तेलकट डाग पडतो, आणि उन्हात डबी पातळ होऊन पिशवीत सांडते. म्हणून डबी ओल्या पंच्यात गुंडाळून पिशवीच्या मध्यभागी ठेवावी.

खोबरेल २४-२५ अंशांना वितळते, म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते बाटलीत कधी गोठलेलेच नसते. ते त्वचेवरून ओघळून जाते आणि तासाभरात काही शिल्लक राहत नाही. रात्री झोपताना लावायला ते चांगले आहे, रस्त्यावर नाही. तुपाचेही तेच, शिवाय त्याचा वास येतो आणि मुंग्या लागतात. सिलिकोन असलेली जेल किंवा दुर्गंधिनाशकासारख्या कांडीत मिळणारे घर्षणरोधक चांगले चालते, कापड खराब करत नाही, पण महाग पडते. ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावे.

टाल्कम पावडरीवर आपल्या लोकांचा फार विश्वास आहे. कमी घाम येणाऱ्या माणसाला, सावलीतल्या चालीत, ती तासभर उपयोगी पडते. त्यानंतर ती घाम शोषून तिच्या गोळ्या होतात आणि त्या गोळ्या मिठाच्याच कामाला लागतात. जेलीवर पावडर भुरभुरणारी मंडळी तर मांड्यांवर कणीकच मळतात. दोन्हींपैकी एकच काही लावावे; लांबच्या चालीला ते एक म्हणजे जेली.

वेदनाशामक बाम मांड्यांना कोणीही लावू नये. पोटऱ्या चोळून झाल्यावर तेच हात नकळत वर जातात, म्हणून पोटऱ्या शेवटी चोळाव्यात, किंवा हात साबणाने धुवावेत. हे वाक्य अनावश्यक वाटत असेल तर ते अनुभवातून आलेले आहे एवढेच सांगतो.

पाचवी तपासणी: मधले कापड

वरचे सगळे करूनही दोन मांड्या एकमेकींना भिडत असतील तर त्यांच्यामध्ये कापडाची भिंत उभी करण्यावाचून मार्ग नाही. इथे मला कापसाच्या मुलखात राहून कापसाविरुद्ध लिहावे लागते. सुती कापड घाम पिते आणि धरून ठेवते, जड होते, सुरकुतते, आणि ती ओली सुरकुती त्वचेवर पुढे-मागे सरकत राहते. पॉलिएस्टर किंवा नायलॉनमध्ये स्पॅन्डेक्स मिसळून केलेली घट्ट चड्डी, जिला दुकानात सायकलिंग शॉर्ट्स किंवा कॉम्प्रेशन शॉर्ट्स म्हणतात, ती त्वचेला चिकटून राहते. मग त्वचेवर काही सरकतच नाही, जे काही घासते ते कापडावर कापड. तीत मीठ साचतेच, त्यामुळे मुक्कामी नुसत्या पाण्यात खळबळून वाळत घालावी. आपल्याकडे ती रात्रीतून वाळते.

घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. लांबी मांड्या भिडतात त्या जागेच्या चार बोटे तरी खाली यावी. आखूड घेतली तर तिची कडच नवी जखम करते. शिवण चपटी असावी आणि मांडीच्या आतल्या बाजूने जात नसावी. आणि दुकानातच दोनदा उकिडवे बसून, वीसेक पावले लांब टाकून पाहावे. कड वर गुंडाळली तर एक माप मोठे घ्यावे. सायकलस्वारांसाठी बसण्याच्या जागी जाड गादी लावलेली असते ती मात्र घेऊ नये, चालताना ती ओल्या पाटीसारखी मध्ये येते.

बायकांच्या बाबतीत अडचण अधिक आणि बोलणे कमी. गोल साडीच्या आत परकर असला तरी परकराच्या आत मांड्या उघड्याच एकमेकींना घासतात, आणि परकराची कड पायात येऊन पाऊल आखूड पडते ते वेगळेच. कासोट्याच्या नऊवारीत दोन मांड्यांच्या मधून कापड जाते. मुक्ताईनगरहून पंढरपूरला मुक्ताईच्या पालखीबरोबर महिनाभर चालणाऱ्या जुन्या बायका नऊवारीच नेसत, आणि मला वाटते त्यात रीतीइतकाच शहाणपणाचाही भाग होता. आज गोल साडी नेसणारीने आत गुडघ्यापर्यंतची घट्ट शॉर्ट्स घालावी. आमच्या मंडळातल्या एका काकूंना हे त्यांच्या सुनेने सांगितले. त्यांनी आधी नाक मुरडले, आणि दुसऱ्या दिवशी मंडळातल्या चार जणींसाठी मालेगावच्या बाजारातून तशाच शॉर्ट्स मागवल्या. सलवारीचा घोळ कमी असेल तर तीही चालते, पण तिचे आसन तपासावे.

उरलेल्या बारीकसारीक बाबी

केस काढू नयेत. निघण्याच्या आदल्या दिवशी वस्तऱ्याने काढलेले केस दुसऱ्या दिवशी खुंटासारखे टोचतात. फार वाढले असतील तर कात्रीने आखूड करावेत, एवढेच. वजनाबद्दल इतके सांगतो की भरल्या अंगाच्या माणसाला हा त्रास अधिक होतो हे खरे असले तरी भरदार मांड्यांचे पहिलवान आणि कबड्डीपटूही माझ्याकडे आलेले आहेत; वजन उतरल्यावर पायी जाऊ म्हणून कोणी थांबू नये.

चालीकडे लक्ष द्यावे. तळपायाला फोड आला की माणूस पाय वाकडा टाकतो आणि मांड्या नव्या जागी घासू लागतात, तेव्हा आधी फोडाचा बंदोबस्त करावा. तोरणमाळच्या घाटातून उतरताना पाठीवरचे ओझे पुढे ढकलते आणि पावले जवळ पडतात. उतारावर ओझे कमी करून काठी घेतली तर फरक जाणवतो. आणि चैत्रात पहाटे तीनला निघून नऊ-साडेनऊला थांबणारे मंडळ बाराला थांबणाऱ्या मंडळापेक्षा कमी जेली वापरते, हे मी डब्या मोजून सांगू शकतो.

सोलवटून झालेच असेल तर

स्वच्छ कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावे, दाबून कोरडे करावे, पंख्याखाली किंवा झाडाखाली पाच मिनिटे वारा लागू द्यावा, आणि पेट्रोलियम जेलीचा किंवा लहान मुलांच्या लंगोटाच्या पुरळावर लावतात त्या झिंक ऑक्साइडच्या मलमाचा थर द्यावा. रात्री सैल सुती लुंगी किंवा गाऊन घालून झोपावे. दिवसा ज्या सुताची निंदा केली तेच सूत रात्री औषध होते, कारण तेव्हा चालणे नसते. स्पिरिट, निव्वळ जंतुनाशक द्राव, चुना, तंबाखू, पेस्ट यांपैकी काहीही लावू नये. स्वयंपाकघरातली हळदही उघड्या ओल्या जखमेवर दाबू नये. डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि तिचे खपले कापडाला धरून निघतात. चिकटपट्टी मांडीवर टिकत नाही, गुंडाळते, आणि निघताना उरलेले साल घेऊन जाते.

नुसता लालपणा असेल तर शॉर्ट्स आणि जेली यांच्या आधाराने दुसऱ्या दिवशी चालता येते. साल निघून ओल दिसत असेल तर चालणे थांबवावे. एक पूर्ण दिवस टेम्पोत बसलेला माणूस तिसऱ्या दिवशी पुन्हा चालू शकतो. तो दिवस न बसलेला माणूस पुढचे सगळे दिवस बसतो.

कुठे थांबावे आणि डॉक्टरांकडे जावे

लालपणा घासण्याच्या जागेच्या बाहेर सरकू लागला, पेनाने त्याच्या कडेवर रेघ ओढून ठेवली आणि काही तासांनी तो रेघेपलीकडे गेलेला दिसला, मांडी सुजून गरम झाली, पू आला, ताप भरला किंवा जांघेत अवधाण, म्हणजे दुखरी गाठ, आले, तर घरगुती उपायांचा अधिकार संपला. हा त्वचेखाली पसरणारा जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्याला त्याच दिवशी डॉक्टर लागतो. गड, नवस, सोबत्यांचा खोळंबा हे सारे नंतर.

मधुमेह असलेल्यांनी साल निघाल्याबरोबर दाखवावे, पू होण्याची वाट पाहू नये, कारण त्यांची जखम उशिरा भरते आणि तिला संसर्ग लवकर होतो. जांघेच्या घडीत लाल ओलसर चट्टा, त्याच्याभोवती सुटे सुटे बारीक लाल ठिपके, आणि न चालताही तो वारंवार येत असेल तर ती घडीतली बुरशी असण्याचा संभव आहे; अशा माणसाने रक्तातील साखरही तपासून घ्यावी. चार-पाच दिवस विश्रांती घेऊनही जखम कोरडी होत नसेल तरीही दाखवावे.

गजकर्णाबाबत एक गोष्ट आग्रहाने सांगतो. औषधाच्या दुकानात "खाजेची ट्यूब द्या" म्हटले की पुष्कळदा बुरशीनाशकात तीव्र स्टेरॉइड मिसळलेले मलम हातात पडते. मीही एकदा तसेच आणून पेटीत ठेवले होते आणि दोघांना दिलेही होते, ही माझी चूक. स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज आणि लाली बसते, माणूस खूश होतो, बुरशी मात्र आत पसरत राहते. मलम थांबवले की ती दुप्पट जागा घेऊन उगवते, आणि जांघेची त्वचा पातळ होऊन तिच्यावर कायमचे चरे उमटतात. ट्यूबवरच्या बारीक अक्षरांत क्लोबेटासॉल, बीटामेथासोन यांसारखे नाव दिसले तर ती डॉक्टरांच्या सांगण्यावाचून लावू नये. हल्ली आपल्याकडचे गजकर्ण चिवट झाले आहे. त्याला कित्येक आठवडे नेमाने औषध घ्यावे लागते आणि घरातल्या इतरांनाही तपासावे लागते, हे काम त्वचारोगतज्ज्ञाचे.

डॉक्टरांकडे जाताना तोवर लावलेली प्रत्येक ट्यूब, संपलेली असली तरी, पिशवीत टाकून न्यावी, आणि जायच्या दिवशी सकाळी मांड्यांना काहीही लावू नये. जेलीच्या थराखाली खरी कड दिसत नाही.